जागा धर गं

मामेबहिणीचा मेसेज आला तेव्हा मी संध्याकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये दोन बाकांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत उभी होते. "ताई, दिवाळीनंतर सिंगापूर. मोजून साडेतीन दिवस. तुझी ती फाईल पाठव ना." ती फाईल म्हणजे आमच्या नातेवाइकांत एक दंतकथा होऊन बसली आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही गेलो तेव्हा मी एक्सेलमध्ये केलेली. सात रकाने, प्रत्येक दिवसाला वेगळा रंग. वेळ, ठिकाण, जवळचं एमआरटी, म्हणजे तिथल्या मेट्रोचं स्टेशन, कुठल्या नंबरच्या दारातून बाहेर पडायचं, चालायची मिनिटं, स्वच्छतागृह, आणि शेवटचा रकाना सासूबाईंसाठी: "बसायला जागा". गुडघ्यांमुळे त्यांना दर अर्ध्या तासाने टेकावं लागतं. नवरा चारचौघांत ही फाईल दाखवून माझी टिंगल करतो आणि जो तो हसून झाल्यावर हळूच म्हणतो, मलाही पाठव.

मी बहिणीला 'हो' म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि तीन दिवस काहीच पाठवलं नाही.

पाठवायला बसले होते खरं तर. फाईल उघडली, हिरव्या रंगाचा दुसरा दिवस खाली सरकवत होते आणि एका ओळीवर थांबले. "१२.३०. मॅक्सवेल फूड सेंटर. जेवण. बसायला जागा: भरपूर." हे 'भरपूर' मी डोंबिवलीत बसून, कुणीतरी काढलेले फोटो बघून लिहिलं होतं. फोटोत टेबलं रिकामी होती. सकाळचे असणार.

आम्ही पोचलो तेव्हा पावणेएक वाजला होता. छप्पर उंच आणि पंखे फिरणारे, पण खाली उकडलेल्या तांदळाची, आल्याची, तळलेल्या लसणाची आणि माणसांची वाफ दाटलेली. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली ऑफिसची पोरं, हातात ट्रे, एकेका दुकानापुढे ही रांग. सासूबाईंचा चेहरा लालबुंद झालेला. त्यांनी तोंडाने काही म्हटलं नाही, पण पदराने वारा घ्यायला लागल्या की मला कळतं. टेबलं सगळी भरलेली, आणि त्यातच खांबाजवळ एक चक्क मोकळं. वर कुणीतरी विसरलेलं टिश्यूचं छोटं पाकीट. मी झेपावलेच. सासूबाईंना बसवलं, पिशव्या ठेवल्या, नवऱ्याला चिकन राइसच्या रांगेत आणि लेकाला उसाचा रस आणायला पाठवलं. आणि पुढचं लिहायला अजून जड जातं. ते पाकीट फोडलं, एका टिश्यूने टेबल पुसलं, दुसऱ्याने सासूबाईंचं कपाळ.

दोन-चार मिनिटांनी एक आजोबा आले. सत्तरीपुढचे, चिनी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात रबरी चपला. दोन्ही हातांत ट्रे, ट्रेमध्ये वाफाळता वाडगा. टेबलापाशी येऊन थांबले. आधी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या चुरगळलेल्या टिश्यूकडे, मग सासूबाईंकडे. मला वाटलं, जागा शोधताहेत बिचारे. मी कोपराने पिशवी सरकवून हसले. तेही हसल्यासारखं काहीतरी करून "सिट, सिट" म्हणाले, हाताने नव्हे, हनुवटीने, कारण हात अडकलेले. आणि वळून गर्दीत गेले. थोड्या वेळाने दिसले, पलीकडे कचऱ्याच्या डब्याजवळच्या उंच कट्ट्यावर ट्रे टेकवून उभ्या उभ्या खात होते. काहीतरी चुकलंय एवढं जाणवलं. काय ते कळेना. आणि आमच्या कार्यक्रमपत्रिकेत एक वाजून वीस मिनिटांनी निघायचं होतं.

त्या दिवसाला मी फाईलमध्ये नाव दिलं होतं, "संस्कृती". नऊ ते सहा. आता वाचताना कान गरम होतात. एका दिवसात सगळे धर्म उरकायचे, जसं आपण यात्रा कंपनीच्या बसने अष्टविनायक उरकतो. पण माझं अगदीच चुकलं असंही नाही. त्या शहराने ती सोयच करून ठेवली आहे. साउथ ब्रिज रोडवर मरिअम्मनचं देऊळ, १८२७ सालचं, गोपुरावर रंगीत गायी आणि सैनिक. त्याच रांगेत पलीकडे चुलिया, म्हणजे तमिळ मुसलमानांची जामे मशीद, दोन फिकट हिरवे मनोरे वर काढून. सभोवती सगळा चिनी बाजार. मशिदीच्या बाजूने निघणारी गल्ली मॉस्क स्ट्रीट, देवळाच्या बाजूच्या गल्ल्यांपैकी एक टेंपल स्ट्रीट आणि दुसरी पॅगोडा स्ट्रीट. त्या पॅगोडा स्ट्रीटवर पॅगोडा शोधत माझ्यासारखे कितीजण फिरत असतील देव जाणे. पॅगोडा म्हणजे आपलं ते गोपुरच.

तिथून दहा मिनिटांवर तेलोक आयर स्ट्रीट. या रस्त्यावर थियान हॉक केंग हे माझू नावाच्या समुद्रदेवीचं देऊळ आहे, आणि काही पावलांवर नागोरच्या शाहुल हमीद संतांच्या नावाचा पांढरा, कमानीकमानींचा दर्गा. एकीकडे चीनच्या फुजियानहून जहाजाने आलेली माणसं जिवंत पोचल्याबद्दल देवीचे आभार मानायची, दुसरीकडे तमिळ किनाऱ्यावरून आलेली माणसं त्याच कारणासाठी दर्ग्यात. सासूबाई गुहागरकडच्या. त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. "म्हणजे दर्याला नारळ दिल्यासारखंच," म्हणाल्या आणि मग सरळ विचारलं, "पण दर्या कुठाय?" खरंच, दर्या कुठेही नव्हता. समोर काचेच्या इमारती आणि टॅक्स्या. 'तेलोक' म्हणजे मलयमध्ये उपसागर. देऊळ बांधलं तेव्हा पायरीपुढे पाणी होतं. एकोणिसाव्या शतकात भराव घातला आणि समुद्राला मागे ढकललं, ते ढकलणं अजून चालूच आहे. बीच रोडलाही बीच नाही. चर्चगेटला गेट नसलं तरी आपण जिथे उतरतो तिथे आश्चर्य कसलं करायचं म्हणा.

पण फाईलने काय काय खाल्लं, त्याचा हिशेब करायला बसले की थांबवत नाही. धोबी घाट घ्या. हो, धोबी घाट हे तिथलं स्टेशन आहे, तीन लाईन मिळतात असं मोठं. पाटीवर नाव वाचून सासूबाई म्हणाल्या होत्या, "एवढे पैसे खर्चून धोबीघाटच बघायचा होता तर महालक्ष्मीला उतरलो असतो." तिथल्या ओढ्यावर भारतातून आलेले धोबी कपडे धूत, त्यावरून नाव. माझ्या फाईलमध्ये धोबी घाटापुढे फक्त "गाडी बदलणे" आहे. आम्ही सहा वेळा तिथे गाडी बदलली. परत आल्यावर कळलं की त्या स्टेशनच्या दारातून बाहेर आलं की समोरच कॅथेची इमारत लागते, आणि तिथेच २१ ऑक्टोबर १९४३ला नेताजींनी आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा केली होती. माझे सासरे असते तर त्यांनी मला फाईलसकट घराबाहेर काढलं असतं. सहा वेळा! तीही सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहून, घड्याळ बघत.

सुलतान मशिदीचंही तेच. सोनेरी घुमटाच्या खाली एक काळसर पट्टा आहे, तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा. मशीद बांधताना श्रीमंतांनी पैसे दिले. गरिबांनाही आपला वाटा असावा म्हणून त्यांच्याकडून बाटल्या घेतल्या. हे मी आधीच वाचून ठेवलं होतं, तिथे उभं राहून सगळ्यांना तालासुरात सांगितलंसुद्धा. लेकाने फोटो काढला, आम्ही पुढे निघालो. फोटो मोठा करून बाटल्यांची बुडं मी पहिल्यांदा पाहिली ती डोंबिवलीत.

एक गोष्ट मात्र वेळापत्रकाच्या तावडीतून सुटली. वॉटर्लू स्ट्रीट. फाईलमध्ये वीस मिनिटं. क्वान यिन या करुणेच्या देवीचं मोठं चिनी देऊळ आणि त्याला लागून कृष्णाचं देऊळ. माणसं आधी क्वान यिनपुढे हात जोडतात आणि मग चार पावलं चालून कृष्णापुढे येतात, तिथेही त्यांच्याच पद्धतीने उदबत्त्यांचा जुडगा कपाळाशी धरून वाकतात. कृष्णाच्या दाराशी त्यांच्यासाठी राखेने भरलेलं मोठं भांडं ठेवलेलं आहे. सासूबाई त्या भांड्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. हातात काही नव्हतं. शेजारची एक मध्यमवयीन चिनी बाई, ऑफिसला निघालेली असावी, खांद्याला लॅपटॉपची बॅग, तिने डोळे उघडले, सासूबाईंना पाहिलं, आपल्या जुडग्यातल्या तीन उदबत्त्या काढून दिल्या आणि एक पाऊल बाजूला सरकली. बोलणं काहीच नाही. दोघी शेजारी शेजारी उभ्या. सासूबाई उदबत्ती ओवाळतात, ती बाई वरखाली हलवते. मी लांबून "आई, चला" म्हणणार होते. नवऱ्याने दंड धरला. सव्वा तास गेला तिथे, कारण मग फुलवालीकडची कमळं बघायची होती आणि त्यानंतर जो पाऊस आला तो असा की समोरचा माणूस दिसेना.

त्या पावसात आम्ही एका जुन्या दुकानाच्या पडवीत उभे होतो. तिथे सगळ्या जुन्या दुकानांना अशी पडवी असते, एका दुकानाची दुसऱ्याला जोडलेली, रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिला 'फाइव्ह-फूट वे' म्हणतात. १८२२ साली, हे शहर वसवणाऱ्या रॅफल्स नावाच्या इंग्रज साहेबाने त्याचा आराखडा ठरवताना हुकूमच काढला होता, प्रत्येक घरापुढे ओसरी हवी आणि ती येणाऱ्याजाणाऱ्यासाठी मोकळी हवी. मालकी दुकानदाराची, वाट सगळ्यांची. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास, कुठूनतरी भाजलेल्या कॉफीचा, आणि आमच्याबरोबर अडकलेले एक मलय जोडपं, दोन शाळकरी मुली आणि एक बांगलादेशी कामगार, त्याच्या पिवळ्या बुटांतून पाणी निथळतंय. त्याने सासूबाईंना एक उलटी बादली आणून दिली, बसायला. "बसायला जागा: बादली" असं काही माझ्या रकान्यात नव्हतं.

त्याच १८२२च्या आराखड्यात रॅफल्सने आणखी एक काम केलं होतं, कोणी कुठे राहायचं ते ठरवण्याचं. नदीच्या या अंगाला चिनी, वरच्या अंगाला चुलिया, पलीकडे गोरे साहेब, त्यांच्या पुढे सुलतान आणि त्याची माणसं, अरब, आणि बुगी नावाचे दर्यावर्दी. नकाशावर पट्टी ठेवून रेघा ओढलेल्या. देवांनी त्या रेघा फारशा पाळल्या नाहीत हे मरिअम्मनकडे पाहून कळतंच, पण माणसांनी बऱ्याच पाळल्या, आणि आज आपण पर्यटक म्हणून जे चायनाटाउन, सुलतान मशिदीभोवतीचं कांपोंग ग्लाम असं वेगवेगळ्या रंगात रंगवतो, ते बरंचसं त्या जुन्या वाटणीचं उष्टं आहे. माझी फाईलसुद्धा. मीही तेच केलं होतं, प्रत्येकाला एकेक रकाना.

संध्याकाळी नवऱ्याच्या कॉलेजच्या मित्राकडे जेवायला होतो. हौगांगला बाराव्या मजल्यावर, सरकारी वसाहतीतलं घर. सरकारी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं ते पुसून टाकायचं. तिथे दहातली जवळपास आठ माणसं अशाच घरांत राहतात. खाली खांबांवर सगळा मजला मोकळा सोडलेला, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. आम्ही शिरलो तेव्हा तिथे मलय लग्नाची तयारी चालली होती, जांभळे पडदे, खुर्च्या, भल्यामोठ्या पातेल्यात काहीतरी शिजतंय. मित्र म्हणाला, मागच्या महिन्यात याच जागी एका वारलेल्या चिनी आजींना तीन दिवस ठेवलं होतं, रात्रभर मंडळी पत्ते खेळत जागायची. मला आमच्या चाळीचा चौक आठवला. तिथेही एकाच जागी बारसं, लग्न आणि तिरडी. फरक एवढाच की चाळीतली सगळी माणसं एकाच आळीतून आणल्यासारखी होती.

इथे मात्र तसं चालत नाही. घर घेताना मित्राला पहिल्यांदा जी इमारत आवडली ती मिळालीच नाही. १९८९पासून तिथे नियम आहे. प्रत्येक इमारतीत चिनी, मलय आणि 'भारतीय व इतर' यांचं प्रमाण ठरलेलं. त्या इमारतीत भारतीयांचा वाटा भरला होता, म्हणजे तिथलं घर भारतीयाला घ्यायचं तर विकणाराही भारतीयच हवा. "पैसे होते, घर रिकामं होतं, पण जागा नव्हती," असं तो वरणभात कालवता कालवता म्हणाला. माझा नवरा खूश झाला. सक्तीने का होईना, माणसं शेजारी राहतात ना. मला ते एका बाजूने पटलं आणि दुसऱ्या बाजूने घशाशी अडकलं. माणसाने घर बघायला जावं आणि आधी त्याची जात मोजावी? पण मग आठवलं, आमच्या सोसायटीत सव्वीस बिऱ्हाडं आहेत. दारावरच्या पाट्या ओळीने वाचत गेलं तर साताठ आडनावांत जिना संपतो. कुठलाही कायदा नाही, कुणी कुणाला अडवलं असंही कुणी म्हणणार नाही. सभेत फक्त "चांगली फॅमिली बघा" असं ठरतं. तिथे मोजून आत घेतात, इथे न मोजता बाहेर ठेवतात. त्या रात्री मी गप्प बसून आमटी वाढून घेतली, कारण बोलले असते तर नवऱ्याशी भांडण झालं असतं आणि दोघांचंही थोडं थोडं बरोबर निघालं असतं.

मित्राची लेक सातवीत. मराठी फर्डं बोलते, मंडळाच्या गणपतीत अथर्वशीर्ष म्हणते. शाळेत सगळ्यांना 'मातृभाषा' हा विषय आहे. चिनी मुलांना मँडरिन, मलय मुलांना मलय, भारतीयांना तमिळ. तमिळ नसेल तर हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांपैकी एक. मराठी त्या यादीत नाही. म्हणून तिची मातृभाषा हिंदी. "म्हणजे घरी मराठी आणि मातृभाषा हिंदी," ती अगदी सहज म्हणाली. तिला त्यात काही अडत नव्हतं. तिच्या आईच्या चेहऱ्यावर मात्र क्षणभर काहीतरी हललं. वाट्याला आलेल्या रकान्यात माणूस कधी कधी नीट बसत नाही, थोडा बाहेर राहतो. तसा तो राहिला तरी त्याचं जेवणखाण, अभ्यास, हसणं सगळं चालू असतं, हेही खरं.

मग मी दुपारची गोष्ट काढली. आजोबांची. पाकीट विसरून गेलं होतं कुणीतरी, असं म्हणेपर्यंत ती पोरगी हसायला लागली. घास अडकेपर्यंत हसली.

"काकू, तुम्ही त्यांचा चोप काढून घेतलात!"

मराठीत चोप म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतंच, आणि तो मिळायला हवा होता असं पुढच्या मिनिटात वाटलंही. तिथे चोप म्हणजे जागा धरणं. फूड सेंटरमध्ये आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं, किंवा छत्री, किंवा ओळखपत्र, आणि मग निवांत रांगेत जायचं. ते पाकीट कुणी हलवत नाही. कायदा नाही, पाटी नाही. म्हणजे ज्या देशात कशालाही पाटी आणि दंड आहे तिथे हे एक बिनपाटीचं. शब्द कुठून आला यावर बरीच मतं आहेत म्हणे, पण मलयमध्ये शिक्क्याला 'चाप' म्हणतात आणि तो आपल्या 'छाप'चाच भाऊ, एवढं खरं. आम्ही ते पाकीट नुसतं हलवलं नव्हतं, फोडून वापरलं होतं. आजोबांचं टेबल घेतलं, वर त्यांच्याच कागदाने घाम पुसला.

सगळे हसत होते. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी ताटातली कोशिंबीर संपवली, पाणी प्यायल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे रुमालच की गं तो."

रुमाल! माझं बालपण रुमालांवर गेलंय. मे महिन्यात गावी जाताना एसटी फलाटाला लागायच्या आधीच बाबा चालत्या गाडीबरोबर धावत आणि खिडकीतून रुमाल आत टाकत. रुमाल संपले की माझी टोपी, आईची पिशवी, एकदा तर धाकट्याचं एक चप्पल. आत चढल्यावर कुणी तिथे बसलेलं दिसलं तर "ओ, रुमाल आहे तिथे" एवढं म्हणायचं, माणूस कुरकुरत उठायचा. न उठणाऱ्याशी अख्खी गाडी भांडायची. चाळीत नळावर हंडे रांगेत उभे असायचे, माणसं घरात. रेशनच्या दुकानापुढे केरोसीनचा डबा, डबा नसला तर दगड. आई मला सांगायची, "त्या पांढऱ्या दगडानंतर आपला, लक्ष ठेव." त्या दगडाला कुणी कधी लाथ मारल्याचं मला आठवत नाही. आणि असल्या घरात वाढलेली मी, पंचेचाळीस वर्षं रुमाल वाचत आलेली बाई, परदेशात टेबलावर पाकीट बघते आणि तिला वाटतं कुणीतरी विसरलंय.

का वाटलं? हा प्रश्न मला त्या आजोबांपेक्षाही जास्त सतावतो. मी तिथे काय काय वेगळं आहे ते बघायला गेले होते. गोपुर वेगळं, मनोरा वेगळा, उदबत्ती धरायची पद्धत वेगळी, त्याचे रकाने तयार होते. सारखं काही असेल ही शक्यताच धरली नव्हती. आणि दुसरं, जरा लाजिरवाणं. हाच प्रसंग दादर स्टेशनवर झाला असता तर आजोबा ओरडले असते, मी ओरडले असते, चार माणसं मध्ये पडली असती, शेवटी "बसू द्या हो म्हातारीला, तुम्हीपण इकडे टेका" म्हणत सगळे दाटीवाटीने बसले असते. त्या टेबलाला चार खुर्च्या होत्या. आम्ही तेव्हा दोघीच बसलेलो. मी पिशवी सरकवली होती, पण ती आमच्यासाठीच. त्यांना "या, बसा" म्हणायला मला कुठली भाषा लागत होती?

परत येताना मित्र स्टेशनपर्यंत सोडायला आला. बोलता बोलता म्हणाला, वाटेत वुडली स्टेशन लागेल, त्याच्या डोक्यावर बिदादारीची नवी वसाहत उभी राहतेय. तिथे आधी मोठं कबरस्तान होतं. बिदादारी म्हणजे मलयमध्ये परी, आपल्या 'विद्याधरी'चंच रूप. कबरी हलवल्या, घरं बांधली. आता तिथे कुणाला पुरलं तरी पंधरा वर्षांचीच जागा मिळते, मग उकरून काढतात. स्वतंत्र झाला तेव्हा हा देश ५८० चौरस किलोमीटरच्या आसपास होता, समुद्रात भराव घालत घालत आता ७३०च्या पुढे गेलाय, तरी पुरत नाही. मेलेल्यांचा रुमालसुद्धा पंधरा वर्षांनी उचलतात, असं माझ्या मनात आलं, ते मी बोलले नाही. सासूबाई शेजारी होत्या. पण गाडीत बसल्यावर त्याच म्हणाल्या, "पंधरा वर्षं खूप झाली. आपल्यात तर तासाभरात मोकळं करतात."

तर ही फाईल. तिसऱ्या रात्री मी ती सुधारायला घेतली. व्हिसा एजंटकडून, विमान रात्रीचं, घड्याळ अडीच तास पुढे म्हणून पहिली सकाळ झोपेत जाणार, हे सगळं कामाचं, ते ठेवलं. मर्लायन, म्हणजे सिंहाच्या तोंडाच्या माशाचा तो पुतळा, ठेवला, मुलांना हवा असतो. धोबी घाटापुढे "गाडी बदलणे" खोडून "बाहेर पडा" लिहिलं. वॉटर्लू स्ट्रीटची वीस मिनिटं काढून तिथे किती वेळ लिहायचा ते सुचेना, रकाना रिकामा सोडला. दुपारी तीन ते चार पाऊस येईल तेव्हा पडवीत उभे राहा, असं लिहिलं आणि पुसलं, कारण हे असं लिहून कुणी उभं राहत नाही. चायनाटाउन, लिटल इंडिया, कांपोंग ग्लाम हे तीन रंग एक करून पाहिले, तर कुठून कुठे जायचं तेच कळेना, पुन्हा वेगळे केले. रॅफल्सला मी उगाच नावं ठेवली. शेवटी मॅक्सवेलच्या ओळीवर आले. "भरपूर" काढलं. बराच वेळ विचार करून तिथे लिहिलं, "बघून बसा." आणि पाठवून दिली.

ते पाकीट अजून माझ्याकडे आहे. निघायच्या गडबडीत मीच पर्समध्ये टाकलेलं. वर निळी फुलं, आत सहा कागद. आता ड्रॉवरमध्ये, जुन्या चाव्या आणि रबरबँडच्या शेजारी. बहिणीबरोबर पाठवावं, तिने ते त्या खांबाजवळच्या टेबलावर ठेवून यावं, असंही एकदा डोक्यात आलं होतं. तिला सांगायचं धाडस झालं नाही.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, पुन्हा लोकलमध्येच. "मस्त आहे गं ताई! पण 'बघून बसा' म्हणजे काय? स्वच्छता नसते का तिथे?" मी टाइप करायला लागले, तेवढ्यात घाटकोपरला धक्का बसला, फोन आवरला. समोर खिडकीशी बसलेल्या बाईला विचारलं, "कुठे उतरणार?"

"ठाणे," तिने कानातली वायर काढून सांगितलं. मग हनुवटीने माझ्या मागे दाराकडे उभ्या असलेल्या, पाठमोऱ्या, गर्दीत जेमतेम दिसणाऱ्या एका मुलीकडे खूण केली. "पण तिला दिलीये."